एका दोऱ्याचा वेळ

वाकळेसाठी जुनं लुगडं कात्रीनं कापत नाहीत, फाडतात. काठाला कात्रीनं बोटभर चीर द्यायची, चिरेच्या दोन्ही बाजू दोन मुठींत धरायच्या आणि हात लांब करत एका दमात ओढायचं. सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जातं. कात्री कितीही जपून चालवली तरी कुठंतरी तिरकी जाते, आणि तिरकं कापलेलं कापड पुढं ताणलं जाऊन झोळ धरतं. फाडताना कापडाची परीक्षाही होते. आवाज कोरडा, कडक आला तर कापडात अजून दम आहे, ते वाकळेच्या वरच्या नाहीतर खालच्या अंगाला जायचं. आवाज न करता नुसतंच विरत गेलं तर ते पोटात. हाताला ओढावंही लागलं नाही, बोट लावताच भोक पडलं, तर ते वाकळेचं कापड राहिलं नाही. त्याचं फडकं, नाहीतर चुलीचा काकडा.

आत्याकडं मी वैशाखात आठवडाभर राहिले ते हे बघायला. वाळवा तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव, भोवती ऊस. गोधडीला इकडं वाकळ म्हणतात. चैत्र-वैशाख हे वाकळांचे महिने. कारखान्याचा हंगाम संपलेला असतो, मिरगाला अवकाश असतो आणि फरशी दिवसभर कोरडी राहते. पण रानातलं काम नसलं म्हणजे बाईला मोकळीक असते, असा समज कुणी करून घेऊ नये. कुरडया, शेवया, सांडगे, वर्षाचं तिखट, हळद दळून आणणं, लग्नाची बोलावणी आणि सुट्टीला आलेली नातवंडं, सगळं याच दोन महिन्यांत येतं. वाकळ या सगळ्याच्या फटीत शिवली जाते. तिचा टाका, तिच्या दोऱ्याची लांबी, ती कडेकडून आत शिवत नेण्याची रीत, हे सगळं या फटीच्या मापानं बेतलेलं आहे, हे मला तिथं बसल्यावर कळत गेलं.

सोमवारी सकाळी माळ्यावरचं गाठोडं खाली आलं. आत्याच्या सासूबाईंची दोन इरकली लुगडी, तिची स्वतःची पातळं, मामांची धोतरं (आत्याच्या यजमानांना आम्ही मामाच म्हणतो), नातवाचे शाळेचे पांढरे सदरे, आणि ओटीत आलेल्या ब्लाऊजपीसांचा ढीग. हे ब्लाऊजपीस एका घरातून दुसऱ्या घरात ओटीतूनच फिरत राहतात, सहसा कुणी शिवून घेत नाही. वाकळेत मात्र त्यांना कायमची जागा मिळते. गल्लीतल्या शिंप्याकडून आणलेलं कातरण वेगळ्या पिशवीत होतं.

निवडायला अर्धा दिवस गेला, आणि मला विचाराल तर वाकळ चांगली का वाईट ते याच अर्ध्या दिवसात ठरतं. आत्या प्रत्येक कापड आधी चिमटीत चुरगळून बघते. शंका आली की कडेचा एक धागा उपसून काडीनं पेटवते. सुती धागा कागदासारख्या वासानं जळतो आणि बोटात धरला की राख होऊन उडून जातो. टेरिकॉट किंवा पॉलिस्टर असेल तर धागा आकसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी उरतो. मणी उरला की ते कापड बाजूला. तिचा हा हट्ट आहे आणि त्याला कारणं आहेत. पॉलिस्टर घाम पीत नाही. ते गुळगुळीत असल्यानं थरांमध्ये सरकतं. सुई त्यातून जाताना अडते आणि दोऱ्याला चरे पडतात. सगळ्यांत वाईट म्हणजे धुतल्यावर सुती कापड थोडं आटतं, हे आटत नाही, मग दोन टाक्यांमध्ये पिशव्या तयार होतात आणि त्या पिशव्यांत आतला कपडा गोळा होऊन बसतो. सुती साडीलाही फॉल बहुतेक वेळा पॉलिस्टरचाच असतो, म्हणून आधी फॉल उसवायचा. बटणं, हुक, कॉलर, खिशाच्या जाड शिवणी, सगळं काढून टाकायचं. कॉलरचा एक तुकडा राहिला होता तो मी तसाच ढिगात टाकला, तर आत्यानं तो उचलून बाजूला केला.

“पोटातलं कुनाला दिसत न्हाई, पर झोपनाऱ्याला लागतंय की.”

इरकली लुगड्यांवर ती जास्त वेळ रेंगाळली. इरकलीचं अंग आणि पदर वेगवेगळ्या ताण्याचे असतात आणि विणताना ते दोन ताणे एकमेकांत अडकवून जोडलेले असतात, त्याला टोप-टेनी म्हणतात. कापड विरून जाळी झालं तरी ही सांध्याची पट्टी घट्ट राहते. ती वाकळेच्या मध्ये आली तर सुई मोडते, म्हणून पदर सांध्याच्या दोन बोटं अलीकडं फाडायचा. लाल पदर वेगळा ठेवला. तो वरच्या अंगाला, उशाच्या बाजूला जाणार होता.

लुगड्याचा हिशेब आत्याच्या तोंडात आहे, मी तो कागदावर मांडून बघितला. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे चार तुकडे केले की प्रत्येकी पावणेसात फूट, म्हणजे वाकळेची लांबी. लुगड्याचा पन्हा साधारण पावणेचार फूट, आणि एका माणसाला ऐसपैस वाकळ पाच फूट रुंद लागते. म्हणजे एका थराला एक आख्खा तुकडा आणि वर एक तृतीयांश. चार तुकड्यांत बरोबर तीन थर बसतात, एक बोटसुद्धा वाया जात नाही. पण हे अखंड लुगड्याचं गणित झालं. वापरलेलं लुगडं बसायच्या जागी आणि काष्ट्यात विरलेलं असतं. पूर्वी अशा लुगड्याचा विरलेला मधला भाग काढून दोन्ही टोकं जोडायचे, दंड घालायचे, आणि दंडाचं लुगडं आणखी काही वर्षं नेसायचे. वाकळेकडं ते त्यानंतर यायचं. म्हणून तीनऐवजी दोन थर धड निघाले तरी आत्या खूश असते.

मंगळवारी दुपारी वाकळ मांडली. आठवड्यातलं हे एकच काम असं की मध्ये उठता येत नाही. त्यासाठी सोपा मोकळा करावा लागतो आणि माणसं लागतात. जेवणं उरकल्यावर शेजारच्या दोघी आल्या, घरातल्या वहिनी आल्या, मी होतेच. पोरांना दुपारभर मागच्या अंगणात धाडलं. फरशी पुसून कोरडी केली, खालचं कापड अंथरलं आणि चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाण्यानं भरलेला तांब्या, मामांचं खुरपं आणि एक वीट ठेवली. मग चौघी चार बाजूंना बसून कापड हळूहळू ताणलं. खालचा थर नुसता पसरून चालत नाही, तो ढोलकीच्या चामड्यासारखा ताठ बसला पाहिजे, कारण वरचं सगळं त्याच्या भरवशावर असतं.

त्यावर पोट भरायचं. धोतरांचे तुकडे, सदऱ्यांच्या पाठी, विरलेली पातळं. इथं आत्या कुणाला बोलू देत नाही. तुकडा ठेवायचा, तळव्यानं मधून बाहेर सपाट करायचा, पुढचा तुकडा त्याला फक्त चिकटून, चढवून नाही. एकावर एक चढला तर तिथं वळ उठतो. खालच्या थरात जिथं दोन तुकड्यांचा जोड आला, तिथं वरच्या थरात जोड येऊ द्यायचा नाही. म्हणजे गवंडी वीट रचताना करतो तेच. पायाच्या बाजूला थोडं जास्त कापड, छातीवर कमी. छातीवर जड वाकळ आली की म्हाताऱ्या माणसाला गुदमरतं, हे तिनं सासऱ्यांच्या आजारपणात शिकलेलं आहे. तीन थर पोटात, एक खाली, एक वर, अशी पाच थरांची वाकळ. वरचं अंग अंथरून झाल्यावर आत्या गुडघ्यांवर रांगत सगळीकडं तळवा फिरवत गेली. दोन ठिकाणी थांबली, वरचं कापड उचललं, आतला तुकडा नीट केला.

मग चौघींनी मिळून कच्चे टाके घातले, वीत-वीतभर लांब, उभे आणि आडवे. या टाक्यांनी पाच थर एकमेकांना धरून राहतात. चहा झाला. शेजारणी आपापल्या घरी गेल्या. वाकळ गुंडाळून भिंतीला उभी राहिली आणि त्या क्षणापासून ती घराच्या वेळापत्रकात शिरली.

बुधवारपासून खरी शिवण. आत्या वाकळेवरच बसते, एक पाय मुडपून, एक लांब करून. तिच्या वजनानं खालचे थर हलत नाहीत, त्यामुळं चौकट लागत नाही की रिंग लागत नाही. मधल्या बोटात पितळी अंगुस्तान. डाव्या हातानं कापडाची बारीक चुणी उचलायची, सुई खाली-वर करत चार-पाच टाके तिच्यावर घ्यायचे आणि मग एकदम दोरा ओढायचा. टाका साधा धावदोऱ्याचाच. पाच थरांतून सुई तिरकी गेली तर वर टाका दिसतो पण खालचा थर सुटतो, म्हणून दर वेळी सुईचं टोक खालच्या बोटाला लागलं पाहिजे. आत्याच्या डाव्या तर्जनीचं टोक त्यानं खरबरीत झालं आहे. दोरा पांढरा, जाड, एकेरी. लांबी मुठीपासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, म्हणजे साधारण वारभर. मी वेळ वाचवायला दोन वार दोरा ओवायला घेतला तर तिनं हात धरला.

“लांब दोरा आळशाचा. गाठी मारत बसशील. आन् पाच थरातनं शंभर येळा जाऊन शेवटाला त्यो झिजतोय बघ, तिथनंच तुटतोय.”

पण दोऱ्याच्या लांबीला आणखी एक अर्थ आहे आणि तो मला दूध तापताना कळला. डेअरीला घालून उरलेलं दूध मंद चुलीवर चढवून आत्या वाकळेवर येऊन बसली. दोरा ओवला, संपवला, गाठ मारली आणि उठली तेव्हा दुधाला नुकती साय धरू लागली होती. वारभर दोरा संपायला सात-आठ मिनिटं लागतात. घरातली पुष्कळ कामं याच मापाची आहेत. कुकरच्या तीन शिट्ट्या, टाकीत पाणी चढणं, नातवानं पाटीवर एक ओळ काढणं, भिजवलेली कणीक मुरणं. आत्या वेळ मिनिटांत सांगत नाही. “एवढा दोरा होऊ दे, आलेच,” हे ती दिवसातून कितीतरी वेळा म्हणते, आणि ऐकणाऱ्याला नेमकं किती थांबायचं ते कळतं. दोरा संपला की शिवण आपोआप सुरक्षित जागी थांबते. विणकामात घर सुटतं, मशीनवर अर्धी शिवण मागं-पुढं होते, भरतकामात रंग नि मोजणी ध्यानात ठेवावी लागते. धावदोऱ्याची वाकळ कुठंही सोडून उठता येतं आणि तासानं येऊन तिथंच बसता येतं. वहिनींनी बसून चार टाके घातले तरी चालतं. ज्या बाईला सलग तास कधी मिळत नाही, तिच्यासाठी याहून योग्य शिवण मला सांगता येणार नाही.

शिवण कडेनं सुरू होते. चारी कडा आत मुडपून पहिली ओळ बाहेरून चौफेर फिरते, मग बोटभर अंतर सोडून दुसरी, तिच्या आत तिसरी. चौकोनात चौकोन, आत-आत. पाश्चात्त्य पद्धतीच्या क्विल्टमध्ये बहुतेक वेळा उलटं करतात, मधून सुरू करून बाहेर जातात, म्हणजे कापडाचा जास्तीचा फुगा कडेनं निघून जातो. तिकडं पोटात कापसाचा एकसंध थर असतो आणि कापड चौकटीत ताणलेलं असतं. इथं पोटात सुटे तुकडे आहेत. कडा आधी बंद केल्या नाहीत तर ते हळूहळू बाहेर सरकतील. कडेकडून शिवत आलं की फुगा मध्ये ढकलला जातो आणि तो दर टाक्याला थोडा-थोडा जिरवत न्यावा लागतो. वाकळेच्या पाठीवर ज्या बारीक लाटा उठतात त्या या जिरवण्यातून आलेल्या असतात. दोरा जास्त ओढला तर लाट ताठ होते, सैल सोडला तर ओळीत हवा राहते. मी घातलेल्या ओळी आणि आत्याच्या ओळी अंधारात हात फिरवूनही वेगळ्या ओळखू येतात.

उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका ज्या कवंद्या शिवतात त्याही अशाच कडेपासून सुरू होऊन फिरत-फिरत मध्याकडं जातात. सिद्दींचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून आणले गेले, त्यातले बरेच पोर्तुगिजांच्या गोव्यातून निसटून या जंगलात आले. त्यांच्या कवंदीच्या कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची छोटी फुलं असतात आणि त्या फुलांशिवाय कवंदी पूर्ण धरत नाहीत. आत्याला मी फोनवर त्यांची चित्रं दाखवली. तिनं रंगांबद्दल काही म्हटलं नाही. चित्र मोठं करून टाके बघितले आणि म्हणाली, “बारीक हाय हात. वळी जवळ-जवळ हायत. टिकनार.” बाईनं बाईच्या कामाला दिलेली अशी दाद मला कुठल्याही प्रदर्शनातल्या कौतुकापेक्षा मोठी वाटते.

ओळींचं एकदा मोजमाप केलं. पाच फूट बाय पावणेसात फूट वाकळेवर बोटभर, म्हणजे पाऊण इंच अंतरानं ओळी घातल्या तर एकूण शिवण साडेपाचशे फुटांच्या जवळ जाते. इंचाला तीन टाके धरले तर वीस हजारांच्या आसपास टाके. वारभर दोऱ्यात गाठी-टोकं जाऊन अडीच फूट शिवण निघते, म्हणजे दोनशेच्या वर दोरे. निव्वळ शिवणाचेच पंचवीस-तीस तास, आणि ते सात-आठ मिनिटांच्या तुकड्यांत वाटलेले. निवडणं, धुणं, फाडणं, मांडणं यात धरलेलं नाही.

गुरुवारी शिवण जवळजवळ झालीच नाही. कुरडयांचा दिवस होता. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा चीक पहाटे शिजवायला घेतला आणि दहाच्या आत गच्चीवर कुरडया घालून झाल्या पाहिजेत म्हणून सगळं घर त्यात होतं. कुरडया ज्या पातळावर घातल्या ते पातळही वाकळेच्या गाठोड्यातलंच. वाळवणाला ते दोन उन्हाळे वापरायचं, मग खळ धुऊन काढून फाडायचं, असं आत्यानं ठरवलेलं. खळ राहिली तर उंदीर आणि झुरळं वाकळ कुरतडतात. दुपारी वीज गेली, पंखा थांबला, आणि तेवढ्या उकाड्यात पाच थरांवर बसवेना. आत्यानं मग दुपटं काढलं.

शेजारच्या घरातली लेक सातव्या महिन्यात माहेरी आली आहे, तिच्या बाळंतविड्यातलं दुपटं. कुंची आणि टोपडं तिची आई शिवते आहे. दुपट्यासाठी आत्यानं आपली सगळ्यांत मऊ पातळं राखून ठेवली होती, ज्यांचा रंग धुऊन-धुऊन जवळजवळ गेलेला आहे. तान्ह्या बाळाला नवं कापड लावत नाहीत. कोऱ्या कापडात खळ असते, कच्चा रंग असतो, धागा टोचरा असतो. कित्येक वर्षं धुतलेल्या पातळात यातलं काही उरलेलं नसतं. दुपट्याला तीन थर पुरतात आणि गाठी सगळ्या दोन थरांच्या मध्ये दडवायच्या, वर एकही नको. बाळाच्या मुठी कशातही अडकतात. वरच्या अंगाला तिनं ठिगळं लावली ती ओटीच्या खणांची, पण फक्त कडेला, गोटासारखी. मधला भाग साधा ठेवला. “रंग बघायचा मोठ्यांनी. त्येला मऊ पायजे.”

ठिगळांची आवड मात्र तिला आहे. मोठ्या वाकळेच्या वरच्या अंगावर तिनं सदऱ्यांचे पांढरे चौकोन, खणांचे हिरवे-जांभळे पट्टे आणि मध्ये इरकलीचा लाल पदर असा डाव मांडला. नक्षी आधी कागदावर काढत नाही. तुकडे फरशीवर पसरते, येता-जाता एखादा हलवते, संध्याकाळपर्यंत जमतं. या मांडणीवरून आठवतं, बौद्धांच्या विनयपिटकात एक प्रसंग आहे. मगधातली बांध घातलेली, चौकोनी तुकड्यांची शेतं बघून बुद्धांनी आनंदाला विचारलं की भिक्षूंची चीवरं अशी करता येतील का. आणि आनंदानं तुकडे जोडून तसं चीवर तयार केलं. भिक्षूंच्या चीवरात आजही शेताच्या वाफ्यांसारखे ते तुकडे जोडलेले असतात. आत्याच्या सोप्यात मी हे सांगितलं तेव्हा मामा दारातून म्हणाले, मग हे बी आपलं रानच हाय की, ह्यो पट्टा उसाचा आन् ह्यो सोयाबीनचा. आत्यानं हिरवा पट्टा उचलून जांभळ्याच्या शेजारी ठेवला.

शुक्रवारी-शनिवारी ओळी मध्याकडं सरकत गेल्या. आता आत्या वाकळेच्या बरोबर मध्ये बसू लागली आणि झालेला भाग चारी बाजूंनी तिच्याभोवती पसरला. त्यातच एक जुनी वाकळ दुरुस्तीला आली, मामांच्या चुलत्यांकडची. वरचं अंग फाटून पोट दिसत होतं आणि फाटलेल्या जागेतून आत आणखी एक वाकळ दिसत होती, म्हणजे कुणीतरी पूर्वी जुन्या वाकळेलाच पोट करून वर नवं कापड घातलं होतं. आत्यानं काही उसवलं नाही. फाटक्यावर दोन्ही बाजूंनी धोतराचं कापड चढवून जुन्याच ओळींवरून नवे टाके घातले. वाकळ जड झाली. ती आता अंगावर घ्यायची राहिली नाही, खाली अंथरायची झाली. वाकळांचा प्रवास असाच खाली-खाली जातो. पांघरूण, मग अंथरूण, मग बैलगाडीत किंवा खळ्यावर, शेवटी म्हशीच्या पाठीवर पावसात.

जड वाकळेचं खरं ओझं धुताना कळतं. घटस्थापनेच्या आधी आमच्याकडं दसरा काढतात. घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर जातं. कोरडी अडीच किलोची वाकळ भिजली की एका बाईला उचलत नाही. दोघींनी दोन टोकं धरून उलट दिशांना पीळ द्यायचा, मग काठावरच्या दगडांवर पसरायची, आणि दोन दिवस कडक ऊन मिळालं नाही तर पोटात कुबट वास बसतो. ऑगस्ट 2019 च्या पुरात कृष्णा-वारणेच्या काठची कितीतरी घरं पाण्यात गेली. पूर ओसरल्यावर गल्लोगल्ली भिजलेल्या गाद्या आणि वाकळांचे ढीग लागले होते. कापसाच्या गाद्यांचं काही होण्यासारखं नव्हतं. वाकळांच्या थरांत मात्र बारीक गाळ शिरलेला, वरून कितीही धुतला तरी आतून येत राहायचा. आत्यानं तेव्हा आपल्या काही वाकळा पूर्ण उसवल्या, थर सुटे करून धुतले आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच कापडांच्या पुन्हा शिवल्या. उसवता येतं आणि पुन्हा शिवता येतं, हा वाकळेचा गुण फार कमी बोलला जातो. आठवडी बाजारात मिळणारं मिंक ब्लँकेट मऊ असतं, रंगीत असतं, पण ते खराब झालं की टाकण्यावाचून इलाज नाही.

मशीनवरच्या वाकळाही आता मिळतात. गावोगाव फिरून झाडाखाली बसून हातानं वाकळा शिवून देणाऱ्या भटक्या समाजातल्या बायका पूर्वी दर उन्हाळ्यात यायच्या, त्या कमी झाल्या. मशीनची वाकळ एका दिवसात होते आणि गरजूला ती परवडते, तिला नावं ठेवायचं मला कारण दिसत नाही. फक्त शहरातल्या दुकानांत नव्या कोऱ्या छापील कापडाच्या, आत फायबरची शीट घातलेल्या रजईला हातच्या गोधडीचं नाव देऊन विकतात ते मला पटत नाही. त्यात हातही नाही आणि वापरलेलं कापडही नाही. वाकळेची ऊब पातळ थरांच्या मध्ये अडकलेल्या हवेतून येते, आणि तिचा मऊपणा आधी कुणीतरी वर्षानुवर्षं नेसलेल्या, धुतलेल्या कापडातून. या दोन्ही गोष्टी दुकानात तयार होत नाहीत.

रविवारी दुपारी शेवटची ओळ मध्यात मिटली. कच्चे टाके ओढून काढले, कडेला इरकलीच्या काठाचा गोट बसवला. उरलेल्या चिंध्यांची वहिनींनी चुंबळ वळली आणि गरम भांडी उतरवायला दोन जाड हातरुमाल शिवले. मी राहिलेला दोरा रिळावर गुंडाळत होते, तेवढ्यात वरच्या आळीतल्या एक बाई साड्यांची पिशवी घेऊन आल्या. लेकीला द्यायला वाकळ हवी होती. मजुरी ऐकून त्या म्हणाल्या, “एवढ्यात तर बाजारात दोन ब्लँकेटं येत्यात.”

“येत्यात की,” आत्या म्हणाली, “घ्या मग. न्हाईतर मला दोन रिळं आनून द्या आन् हातभार लावायला रोज दुपारी या, मजुरी निम्मी घेते.”

बाईंनी थोडा विचार केला आणि पूर्ण मजुरी कबूल केली. आत्यानं पिशवी उपडी केली, एकेक साडी चुरगळून बघितली, तीन परत घडी करून पिशवीत घातल्या आणि दोन मांडीवर ठेवल्या.

“ह्या दोन चांगल्या हायत. आनखी तीन-चार सुती बघा, सासूबाईंची असतील तर ती आना. आन् घाई करू नका. मिरीग तोंडावर आलाय, मला टोकनीला जायचंय. पंचमीला लेक येनार न्हवं का तुमची? तवा न्या.”